बारा इंच म्हणजे किती?

मंडळी, डिसेंबर उजाडला की आमच्या घरात गप्पांचा विषय एकच. बर्फ किती पडणार? आम्ही राहतो सॅन होजेजवळ, जिथे बर्फ पडत नाही. तो पडतो चारेक तासांवर, सिएरा नेवाडाच्या डोंगरांत, लेक टाहोच्या आजूबाजूला. लेकीला स्कीइंगचं वेड, नवऱ्याला गाडी चालवायचं वेड आणि मला अंदाज वाचायचं वेड! पायात स्की अडकवून मी उतारावरून येते ती जीव मुठीत धरूनच. पण हवामानाचा अंदाज वाचण्यात मात्र माझा हात आता घरात कुणी धरू शकत नाही. (लेक सोडून. तिचं पुढे येईलच.)

फोनवर हे ऐकलं की पुण्याहून सासूबाई म्हणतात, "अगं, त्यात वाचायचं काय एवढं? पडणार की नाही ते सांगा ना सरळ!" त्यांचंही बरोबर आहे म्हणा. वेधशाळेने पाऊस सांगितला की छत्री घरी ठेवायची, या विनोदावर आपल्या पिढ्या वाढल्या.

तर मुद्दा असा. फोनवरचं ॲप सांगतं, शनिवारी १२ इंच बर्फ. लगेच मुलांचे मेसेज सुरू होतात, गाड्या ठरतात. पण हे १२ इंच नक्की कुठले?

आपल्याकडचंच बघा. समुद्रावरून आलेले ढग सह्याद्री चढतात, थंड होतात आणि घाटमाथ्यावर रिकामे होतात. महाबळेश्वरला धो धो कोसळणारा पाऊस वाईला पोचेपर्यंत दमलेला असतो. सिएरात अगदी हेच होतं, फक्त हिवाळ्यात आणि बर्फाच्या रूपात. पॅसिफिकवरून येणारी वादळं पश्चिमेचा चढ चढताना बर्फ टाकतात आणि पलीकडच्या रीनो शहराच्या वाट्याला फारसं काही उरत नाही. आता गंमत अशी, की अमेरिकन सरकारचं जीएफएस नावाचं जे जागतिक मॉडेल आहे ते साधारण १३ किलोमीटरच्या चौकटींत जग बघतं. एवढ्या चौकटीत आमचा अख्खा डोंगर, दरी आणि तळ्याचा काठ एकत्र कालवला जातो. अनेक ॲप्स असल्याच मॉडेलचा आकडा उचलून दाखवतात. म्हणजे महाबळेश्वर, पाचगणी आणि वाईची सरासरी काढून 'मध्यम पाऊस' म्हणावं तसं!

म्हणून मी आधी विचारते, कुठल्या उंचीवर? पॅलिसेड्स टाहो या रिसॉर्टचा पायथा ६,२०० फुटांवर आहे आणि माथा ९,०५० फुटांवर. अंदाजात 'स्नो लेव्हल' नावाचा एक आकडा असतो. त्याच्या वर बर्फ, खाली पाऊस. हवेचं तापमान शून्यावर येतं त्या उंचीच्या साधारण हजार फूट खालपर्यंत बर्फ न वितळता पोचतो, तीच ही पातळी. ती ७,५०० फुटांवर असेल तर माथ्यावर १२ इंच पडतील आणि पायथ्याशी गाडी लावणारा माणूस चिंब भिजेल. दोघंही खरंच बोलत असतील! हवाईच्या बाजूने उबदार, बाष्पाने भरलेली वादळं येतात, ज्यांना इथे 'पाइनॲपल एक्स्प्रेस' म्हणतात, त्यांत हे हमखास होतं.

दुसरा प्रश्न, कसला बर्फ? एक इंच पाण्याचा साधारण दहा इंच बर्फ होतो असं मानतात. पण हवा खूप थंड असेल तर त्याच पाण्याचा पंधरा-वीस इंच, पिठासारखा हलका बर्फ होतो. आणि हवा जेमतेम थंड असली की सात-आठ इंच, जड, ओला. आमच्याकडे हा दुसरा प्रकार इतका नेहमीचा, की लोकांनी त्याला 'सिएरा सिमेंट' असं नाव ठेवलंय. त्यात एकदा स्की रुतली की गुडघ्याला कळतं नाव का पडलं ते.

पडण्याचं प्रमाण मात्र अफाट. डोनर पासजवळ बर्कली विद्यापीठाची एक हिम प्रयोगशाळा आहे. तिथे १९४६ पासून बर्फ मोजतात. २०२२-२३ च्या हिवाळ्यात तिथे ७५४ इंच बर्फ पडला. म्हणजे जवळजवळ ६३ फूट. पाच-सहा मजली इमारत समजा!

प्रयोगशाळेला तिकिटं विकायची नसतात, हे इथे महत्त्वाचं. कारण रिसॉर्टच्या पाटीवरचा 'गेल्या २४ तासांत' हा आकडा रिसॉर्टनेच मोजलेला असतो. डार्टमथ कॉलेजच्या झिनमन आणि झिटझेविट्झ या दोन अर्थशास्त्रज्ञांनी २००९ मध्ये असे आकडे तपासले. शनिवार-रविवारी रिसॉर्ट्स इतर दिवसांपेक्षा २३ टक्के जास्त नवा बर्फ सांगत होती. सरकारी नोंदींत असा फरक दिसला नाही. ढगांना वार कळत नाहीत, पण तिकीटखिडकीला कळतात! पुढे स्कीअर लोकांना फोनवरून जागच्या जागी खरी हकीकत कळवायची सोय झाली, तशी ही अतिशयोक्ती झपाट्याने कमी झाली. जिथे फोनला रेंज चांगली, तिथे जास्तच.

बर्फाच्या वर्णनांचंही तेच. ती आपल्याकडच्या स्थळांच्या जाहिरातींसारखी वाचायची. 'व्हेरिएबल कंडिशन्स' म्हणजे कुठे काचेसारखा कडक, कुठे लगदा, आपलं आपण बघून घ्या. 'स्प्रिंग कंडिशन्स' म्हणजे सकाळी टणक, अकराच्या सुमारास झकास, आणि दुपारी दोननंतर गाडीवरचा बर्फाचा गोळा, फक्त काला खट्टाशिवाय. मार्चमध्ये जाणार असाल तर ही वेळ तेवढी लक्षात ठेवा.

इथपर्यंत सगळं पैशांचं आणि मजेचं झालं. वाऱ्याचं तसं नाही. वारा सुटला की आधी वरच्या लिफ्ट बंद होतात. आणि वारा बर्फ उचलून कड्याच्या आडोशाच्या बाजूला नेऊन साठवतो, त्यामुळे आकाशातून फुटभर पडला तरी तिथल्या उतारावर त्याहून कितीतरी जास्त साचतो. जुन्या, कमकुवत थरावर असं ओझं पडलं की ते घसरतं. १० जानेवारी २०२४ ला पॅलिसेड्स टाहोमध्ये, रिसॉर्टच्या हद्दीत, केटी-२२ नावाच्या डोंगरावर हिमस्खलन झालं आणि एकाचा जीव गेला. तिथली लिफ्ट त्या मोसमात पहिल्यांदाच, त्या सकाळी सुरू झाली होती. सिएरा ॲव्हलांच सेंटर रोज धोक्याची पातळी सांगतं, पण ती रिसॉर्टबाहेरच्या मोकळ्या डोंगरांसाठी. आतली जबाबदारी रिसॉर्टच्या गस्ती पथकाची. ते पहाटे सुरुंग लावून साचलेला बर्फ पाडतात, म्हणूनच तर मोठ्या बर्फाच्या सकाळी लिफ्ट उशिरा उघडतात. रांगेत चरफडणाऱ्यांना हे सांगावंसं वाटतं.

त्याच वर्षीची फेब्रुवारीअखेर. लेक तेव्हा सोळा वर्षांची. मैत्रिणीच्या घरच्यांबरोबर शनिवार-रविवार जायचं ठरलेलं. आणि अंदाजात इंच नव्हे, फूट! मुलांच्या अंगात आलं होतं. मी काही बोलायचं नाही असं ठरवून बसले होते, कारण सोळाव्या वर्षी आईचं 'जाऊ नकोस' हे जाण्याचं आमंत्रणच असतं. ती गुरुवारी रात्री रीनोच्या हवामान कार्यालयाचं 'फोरकास्ट डिस्कशन' वाचत बसली. हे एक फार छान प्रकरण आहे. त्यात चित्रं नसतात. ड्यूटीवरचा हवामानतज्ज्ञ साध्या गद्यात लिहितो, की अमुक गोष्टीची आम्हाला खात्री आहे, तमुकबद्दल मॉडेल्सचं एकमत नाही, रविवारचं अजून धूसर आहे. ते वाचून लेक म्हणाली, "आई, फूट बघून उपयोग नाही. वारा बघ. वर काही चालू राहणार नाही, आणि रस्ता बंद झाला तर आम्ही गाडीत बसून राहू." मग तिनेच मैत्रिणीच्या वडिलांना फोन केला. मी तो ऐकू येईल अशा बेताने भांडी घासत होते. १ मार्चला डोंगरातला आय-८० महामार्ग बंद पडला, कड्यांवर ताशी शंभर मैलांच्या वर वारे वाहिले आणि बरीच रिसॉर्ट्स बंद राहिली.

लेक आता कॉलेजात, दुसऱ्या गावी. कुणाच्या गाडीत, कुठल्या डोंगरावर जाते ते दरवेळी मला कळत नाही. कधीतरी रात्री तिचा मेसेज येतो, 'स्नो लेव्हल ५,५००, वारा कमी, चेन घेतल्यात.' 'पोचले' असा निरोप मात्र यायचा तेव्हाच येतो. तोवर मी रीनोचं डिस्कशन दोनदा वाचून काढते. त्यात 'खात्री कमी आहे' असं कुणी प्रामाणिकपणे लिहिलेलं असलं, तरी का कोण जाणे, जरा बरं वाटतं.

असो. यंदा तुमच्यापैकी कुणी टाहोला येणार असाल तर जरूर कळवा. मी स्नो लेव्हल सांगेन, वारा सांगेन, निघायची वेळ सांगेन. चेन आणि थर्मास मात्र तुमचे तुम्ही आणा. किती इंच पडणार ते नका विचारू!