मडकं कच्चं होतं, बरं झालं!

मला हे आजवर कुणी सांगितलं कसं नाही? पस्तिशी गाठली, दोन लेकरांची आई झाले, बारावीपासून वह्यांवर वह्या भरत आले. आणि लिहिलेलं चार माणसांना वाचून दाखवायचं असतं, त्यांचं म्हणणं मुकाट्यानं ऐकायचं असतं, त्यांचंही तितकाच जीव लावून ऐकायचं असतं आणि मग घरी येऊन पुन्हा लिहायचं असतं, एवढी साधी गोष्ट मला गेल्या पाच रविवारांत कळली! तेव्हापासून चित्त थाऱ्यावर नाही. भाकरी थापताना वाक्य सुचतं, पिठाच्या हातानंच कॅलेंडरच्या मागं लिहून ठेवते. धाकटी म्हणते, "आई, तू एकटीच काय बोलायलीस?" मी एकटी कुठं आहे आता!

झालं असं. सेनगावकडचे एक निवृत्त गुरुजी आमच्या नात्यातले. एका लग्नात भेटले. मी लिहिते हे त्यांना कुठून तरी कळलं होतं. म्हणाले, "रविवारी नर्सीला ये. वही घेऊन ये." एवढंच. नर्सी म्हणजे नर्सी नामदेव, हिंगोलीपासून अर्ध्या तासावर, कयाधूच्या काठी. संत नामदेवांचं जन्मगाव म्हणून आपण तिथं दर्शनाला जातो. मी वहीसकट पहिल्यांदाच गेले.

नदीकडच्या अंगाला लिंबाखाली सतरंजी अंथरलेली. गुरुजी, पोलीस भरतीची तयारी करणारा कळमनुरीचा एक पोरगा, वसमत भागात आशा कार्यकर्ती म्हणून काम करणाऱ्या एक ताई, आणि औंढ्याकडच्या एक मावशी. मावशींना लिहिता येत नाही. त्या सांगतात आणि त्यांची सातवीतली नात लिहून घेते. ही नात आमच्यातली सहावी, आणि सगळ्यांत कडक! नियम दोनच. वाचणाऱ्यानं वाचून झाल्यावर तोंड उघडायचं नाही. आणि ऐकणाऱ्यानं 'छान' हा शब्द उच्चारायचा नाही. कुठं कान लागला ते सांगायचं, कुठं मन भलतीकडं गेलं ते सांगायचं. बस.

मी माझा लेख काढला. 'माझ्या जिल्ह्याची हळद'. मला फार आवडता होता तो. हिंगोली जिल्हा १ मे १९९९ रोजी परभणीतून वेगळा झाला इथपासून सुरुवात, मग वसमतच्या हळदीला २०२४ मध्ये मिळालेलं भौगोलिक मानांकन, मग आमचं शेत, मग 'आसमंतात हळदीचा मंद सुगंध दरवळत होता' हे वाक्य. त्या वाक्यावर तर माझा जीव होता. वाचताना आवाज थोडा चढवलाही.

वाचून झालं. सगळे गप्प. मग मावशी म्हणाल्या, "बाई, तू बॉयलरपाशी हुभी राहिलीस का कधी?"

नियम होता, म्हणून नुसती मान हलवली. राहिले होते की! लहानपण गेलं तिथं.

"मंग मंद सुगंध कामून म्हणायलीस? हळद शिजायली की तो वास घशात बसतो. रातच्याला भाकर खाल्ली तर भाकरीला हळदच लागती. आन् शिजली हे कसं वळखायचं, ते तर लिव्हलंच नाईस."

पोरगा म्हणाला, "ताई, 'पिवळं सोनं' चार बार आलंय. मी मोजलं." आशाताई म्हणाल्या, पहिली दीड पानं त्या घरी गॅस बंद केला का याचाच विचार करत होत्या. आणि गुरुजी अगदी हळू म्हणाले, "मला तुझी आई दिसली नाही. एका वाक्यात आली आणि गेली. मी तिची वाट बघत होतो."

मी उठले ते कुणाशी न बोलता जीपमध्ये बसले. डोळ्यांत पाणी. वाटलं, झक मारली आणि इथं आले. सतरा वर्षं लिहितेय, कुणी एका शब्दावर बोट ठेवलं नव्हतं! जीप हिंगोलीत शिरेपर्यंत हेच. आणि मग रात्री अंथरुणावर पडल्यावर एकदम आठवलं, आपण आज होतो कुठं? नर्सीत! नामदेवांच्या नर्सीत!

गोष्ट आपल्या सगळ्यांना पाठ आहे. तेरला गोरोबाकाकांच्या घरी संतमंडळी जमलेली. निवृत्तिनाथ, ज्ञानदेव, सोपान, मुक्ताबाई, नामदेव. मुक्ताबाईंनी तिथं पडलेलं थापटणं पाहिलं, म्हणाल्या, काका, हे कशाला? गोरोबा म्हणाले, मडकी कच्ची की पक्की ते बघायला. मग आमचीही बघा की! गोरोबांनी एकेकाच्या डोक्यावर थापटणं मारलं. सगळे गप्प बसले. नामदेव तेवढे कळवळले, चिडले. आणि ठरलं, हे मडकं कच्चं. नामदेव रुसून पंढरपूरला गेले, विठ्ठलाकडं तक्रार केली.

म्हणजे नामदेवही चिडले होते! मी अंथरुणात उठून बसले. लहानपणापासून शंभरदा ऐकलेली ही गोष्ट मला त्या रात्री पहिल्यांदा ऐकू आली. थापटणं मारणारा कुणी आचार्य नव्हता, गुरू नव्हता, कुंभार होता, आपल्यातला, बरोबरीचा. आणि विठ्ठलानं तरी काय केलं? समजूत काढून पाठ थोपटली नाही. विसोबा खेचरांकडं पाठवलं, आणि तेही कुठं, तर आपल्या औंढ्याला! नागनाथाच्या देवळात पिंडीवर पाय ठेवून निजलेले विसोबा, आणि जिथं पिंड नाही तिथं माझे पाय उचलून ठेव म्हणणारे विसोबा. नर्सी आपल्या जिल्ह्यातली, औंढा आपल्या जिल्ह्यातलं. ही सगळी गोष्ट माझ्या अंगणातली आहे आणि मी ती भिंतीवरच्या तसबिरीसारखी बघत आले.

पण खरी गंमत पुढंच आहे. पुढच्या शनिवारी उन्हाळ्याचा माठ घ्यायला कुंभाराच्या घरी गेले. म्हातारबाबा माठाला थापटत बसले होते. डावा हात माठाच्या आत, मुठीत गुळगुळीत गोल दगड. उजव्या हातात लाकडी थापटणं. आत दगड जिथं असेल, बाहेरून बरोबर तिथंच थाप. थप, थप, जरा फिरव, थप, थप. एका जागी दोन थापा जास्त नाहीत, एका जागी एक कमी नाही. बघता बघता जाड बुटकं भांडं पोटात फुगत गेलं, भिंत पातळ होत गेली. मी विचारलं, बाबा, पक्कं झालं का ते असंच मारून बघता का?

ते हसले. "पक्क्याला थापटणं मारलं तर खापर होतंय. हे कच्च्यासाठीच असतंय. पक्कं बघायला टिचकी पुरती." आणि शेजारच्या भाजलेल्या माठाला त्यांनी टिचकी मारली. खण्ण! मग ओल्याला मारली. बद्द.

मी तिथंच उभी. किती रुपये झाले ते विचारायचंही सुचेना. अहो, म्हणजे थापटणं हे परीक्षेचं हत्यारच नाही! ते घडवायचं हत्यार आहे! बाहेरून थाप बसते तेव्हा आत हात असतो, नाहीतर भिंत आत बसेल. आणि भाजून पक्कं झालेल्या मडक्याला कुणी कितीही चांगला सल्ला दिला तरी त्याचा आकार बदलत नाही, ते फुटतं तेवढं. माझा लेख कच्चा होता, म्हणूनच मावशींच्या थापेनं त्याला पोट सुटणार होतं. आणि आत हात होता की! गुरुजी म्हणाले होते, तुझ्या आईची मी वाट बघत होतो. तो आतला हात नाहीतर काय होता!

त्याच रात्री दिराच्या शेतात बॉयलर लागला होता. मी वही न घेता गेले. नुसती उभी राहिले, मावशींनी सांगितल्यासारखी. टाकीतून वाफ सुटली, वास खरंच घशात जाऊन बसला, पदर तोंडाशी धरावा लागला. बॉयलरवाल्यानं एक हळकुंड काढून त्यात काडी खुपसली. अलगद आत गेली. "झाली," म्हणाला, आणि टाकी ताडपत्रीवर उलटी केली. पलीकडं आधी वाळत घातलेला ढीग होता. त्यातलं एक हळकुंड मी मोडून पाहिलं. कट्ट! तो आवाज ऐकला आणि आई आठवली. ती असंच मोडून कानाशी धरायची. आवाज आला की पोतं भरायला घ्यायची, नाही आला की "अजून दोन उन्हं" म्हणायची. तिच्या करंगळीच्या नखाखालचा पिवळा रंग अक्षय तृतीयेपर्यंत जायचा नाही. हे सगळं मला माहीत होतं. सतरा वर्षांत एकदाही लिहिलं नव्हतं.

लेख पुन्हा लिहिला. 'पिवळं सोनं' चारही ठिकाणचं गेलं, जिल्ह्याची तारीख गेली, मानांकनही गेलं, 'मंद सुगंध' तर गेलाच. आता सुरुवात 'अजून दोन उन्हं' पासून होते. तिसऱ्या रविवारी वाचला. मावशींनी डोळे मिटून ऐकलं आणि म्हणाल्या, "हां. आता आली हळद."

याच्याइतका मोठा पुरस्कार मला नको.

आणि हे तर अर्धंच झालं! मला वाटत होतं, आपण तिथं आपलं लिखाण सुधारायला जातो. पण माझं लिखाण सगळ्यांत जास्त सुधारलं ते दुसऱ्यांचं ऐकताना. कळमनुरीच्या पोरानं भरतीच्या तयारीवर गोष्ट लिहिली होती. पहाटे चारला उठणं, मैदान, सोळाशे मीटर, जिद्द, ध्येय, यश. मी ऐकत होते आणि मन भलतीकडं जात होतं. तेवढ्यात मधेच एक वाक्य आलं, की बूट एकच जोड आहे, तो आणि धाकटा भाऊ आळीपाळीनं पळतात, आणि भावाचा नंबर दुसरा असल्यानं त्याला रोज ओले बूट मिळतात. माझा कान तिथं खिळला. म्हटलं, "बाबा, ओल्या बुटांपासून सुरू कर. जिद्द बिद्द राहू दे बाजूला." त्याचा चेहरा असा उजळला! आणि त्याच क्षणी मला माझ्या दुसऱ्या लेखातले ओले बूट कुठं दडलेत ते दिसलं. तिसऱ्या पानावर, कंसात! स्वतःचं वाचताना हे कधी दिसलं नसतं. दुसऱ्याच्या मडक्यावर टिचकी मारता मारता आपल्या कानाला आवाज कळायला लागतो.

आशाताईंचं उलटं. त्या रजिस्टरसारखं लिहितात. तारीख, वेळ, किती किलोमीटर चालले, बाळाचं वजन. नावं बदललेली, बाकी सगळं तसंच. त्यांना वाटायचं, यात साहित्य कुठंय, जरा फुलं-पानं घालू का. आम्ही सगळे एकदम ओरडलो, नका घालू! बाळाचं वजन वाचताना आम्ही श्वास धरून बसलो होतो.

गुरुजी मधेच काहीबाही सांगतात आणि मी ते वहीच्या मागच्या पानावर लिहून घेते. पुण्यात १९२३ मध्ये रविकिरण मंडळ निघालं, माधव जूलियन, यशवंत, गिरीश, श्रीधर रानडे, मनोरमा रानडे अशी मंडळी रविवारी जमायची, चहा व्हायचा आणि कविता एकमेकांना वाचून दाखवल्या जायच्या. रविवार! आमचाही रविवारच! सुरेश भट 'गझलेची बाराखडी' ही पुस्तिका नवख्या पोरांना टपालानं पाठवायचे, त्यांच्या गझलांवर पत्रं लिहायचे. श्री. पु. भागवत 'सत्यकथे'साठी आलेल्या नव्या लेखकांच्या कथांवर सविस्तर पत्रं लिहायचे. आणि आपला मराठवाडा निजामाच्या राज्यात होता, तिथं उर्दूत तर यासाठी शब्दच आहे, इस्लाह. शागिर्दानं शेर आणायचा, उस्तादानं दुरुस्त करायचा. किती दारं उघडी होती आणि मी आतून कडी लावून लिहीत बसले होते!

पण माझं मन पुन्हा पुन्हा नामदेवांच्याच गोतावळ्याकडं जातं. गंगाखेडची जनाबाई त्यांच्या घरात वाढली आणि दळता कांडता अभंग करू लागली. त्या अख्ख्या घरानं अभंग रचले. ही मंडळी एकमेकांची नावं आपल्या अभंगांत घेतात. ज्ञानदेवांच्या समाधीचा सोहळा नामदेव लिहितात. चोखोबांचे अभंग अनंतभट्टांनी उतरवून घेतले असं परंपरा सांगते. नेवाशाला १२९० मध्ये ज्ञानेश्वरी पुरी झाली तेव्हा लिहून घेणारे सच्चिदानंदबाबा होते. यांतला एकही एकटा बसून लिहीत नव्हता! ज्यांना तेरला कच्चं मडकं म्हटलं त्या नामदेवांची ६१ पदं गुरु ग्रंथसाहिबात आहेत. पंजाबातल्या घुमानला २०१५ मध्ये अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरलं ते त्यांच्याच पाऊलखुणांवर. नर्सीचा माणूस कुठवर गेला बघा!

येत्या रविवारी मावशींची पाळी आहे. त्या जात्यावरच्या पहाटेची गोष्ट सांगतायत, सासू दळताना का रडायची त्याची. गेल्या वेळी नातीनं लिहिलेलं वाचून दाखवलं, "आजीला अत्यंत दुःख झाले." मावशी म्हणाल्या, "मी असं म्हणले नव्हते." नात म्हणाली, मग काय म्हणालीस? मावशींनी जरा वेळ नदीकडं पाहिलं आणि म्हणाल्या, "मी म्हणले, जातं थांबलं, पर हात फिरतच राहिला."

पोरीनं पेन्सिलच्या मागच्या रबरानं आधीची ओळ खोडली. फुंकर मारून कागदावरचा कचरा उडवला. आणि जीभ दातांत धरून नवी ओळ लिहायला घेतली.