बट्टा लागलेला रुपया

खानदेशातील नाण्यांच्या या मालिकेत आज माझ्या फसवणुकीची, खरे तर माझ्या आळसाची, कथा सांगतो.

तीन वर्षांपूर्वी एका ऑनलाइन लिलावात औरंगजेबाचे दोन रुपये लागोपाठ आले. दोन्हींवर टांकसाळ बुऱ्हाणपूर. हे शहर आज मध्य प्रदेशात असले तरी ते फारुकी सुलतानांच्या खानदेशाची राजधानी होते. १६०१ मध्ये असीरगड पडला आणि सारा खानदेश अकबराकडे गेला. मोगल काळात बुऱ्हाणपूरला दार-उस्-सुरूर, म्हणजे आनंदाचे घर, म्हणत. माझ्यासारख्या धुळेकराला असे नाणे घरी असावे असे वाटणारच.

दोन्ही नाण्यांची प्रतवारी झालेली नव्हती. त्यात नवल नाही. नाणी तपासून, १ ते ७० असे गुण देऊन पारदर्शक डबीत बंद करणाऱ्या मोठ्या कंपन्या अमेरिकेतल्या. आणि शंभर वर्षांहून जुने नाणे, १९७२ च्या पुरावशेष कायद्यामुळे, तुम्हाआम्हाला परदेशी पाठवता येत नाही. तेव्हा छायाचित्र पाहायचे आणि बोली लावायची.

पहिल्या रुपयावर तीन बारीक ठसे खोल रुतलेले होते. दुसरा अगदी स्वच्छ. मी स्वच्छ रुपया ४,२०० रुपयांना घेतला. कमिशन आणि कर वेगळे. ठशांचा रुपया त्याहून बराच स्वस्तात कुणीतरी नेला. सूचीत माझ्या नाण्याचे वजन दिलेलेच नव्हते, हे तेव्हा खटकायला हवे होते.

पुढे चार महिन्यांनी जळगावच्या सराफ बाजारात एका वृद्ध सराफांना तो सहज दाखवला. त्यांनी काठावरून नख फिरवले. म्हणाले, “भाऊ, हे नाणं पाडलेलं नाही, ओतलेलं आहे.” मग दोऱ्याला टांगून पाण्यात तोलले. हवेत १०.६ ग्रॅम, पाण्यात ९.४. फरक १.२. भागाकार ८.८. शुद्ध चांदीचा हा आकडा १०.५ च्या आसपास येतो आणि मोगल रुपयाची चांदी जवळजवळ शुद्ध असे. वजनही साधारण साडेअकरा ग्रॅम. माझ्या हातात चांदीचा मुलामा दिलेले तांबे होते. लिलावाच्या अटींतली तक्रारीची मुदत केव्हाच उलटली होती.

ते तीन ठसे कसले, हेही त्यांनीच सांगितले. नाण्यात आत तांबे भरले आहे का, हे पाहण्यासाठी जुने सराफ त्यावर टोकदार ठसा मारीत. आतून चांदीच निघाली की तीच त्यांची ग्वाही. म्हणजे ज्या रुपयाला मी खराब म्हणून टाकले, त्याची प्रतवारी तीन वेळा झालेली होती! हे काम पेशवाईत पोतदार करीत. आज ते आडनाव उरले आहे. जुन्या किंवा झिजलेल्या रुपयाच्या दर्शनी किमतीतून जी कपात होई, तो बट्टा. १८३५ मध्ये कंपनीने १८० ग्रेनचा एकसारखा रुपया आणल्यावर हा व्यवहार हळूहळू संपला, पण ‘नावाला बट्टा लागणे’ आपण अजून म्हणतो.

नाण्यावरचा दुसरा ठसा किती बोलतो, हे पाहायचे तर नाशिकजवळच्या जोगलटेंभीचा साठा आठवावा. १९०६ मध्ये (याच वर्षी खानदेशाचे पूर्व आणि पश्चिम असे दोन जिल्हे झाले) तिथे क्षत्रप नहपानाची सुमारे १३,२५० चांदीची नाणी सापडली. त्यांपैकी नऊ हजारांहून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपला शिक्का पुन्हा उमटवला होता. नहपानाचा चेहरा त्याखाली चिरडला गेला आहे. सातवाहनांनी क्षत्रपांना हरवल्याचा इतका ठाम पुरावा नितळ नाण्यांनी कधीच दिला नसता.

गेल्या दिवाळीत बुऱ्हाणपूरचाच एक रुपया पुन्हा लिलावात दिसला. दोन ठसे, काठ थोडा झिजलेला, वजन ११.३ ग्रॅम, छापलेले. या वेळी आधी काठाची छायाचित्रे मागवली, मगच बोली लावली. घरी आल्यावर त्याच दिवशी पाण्यात तोलला: १०.३. आता तो आणि तांब्याचा स्वच्छ रुपया एकाच डबीत आहेत. दोघांखाली वजनाची चिठ्ठी आहे.