काचेची साक्ष

देवळ्याच्या रस्त्यानें सकाळीं फिरावयास निघालें म्हणजे एखाद्या वळणावर केव्हां केव्हां काचेचा सडा पडलेला दिसतो. धडक देणारा न थांबतां पळालेला असला, तर संशय फार लौकर एखाद्या कांदा वाहणाऱ्या गरीब पिकअपवाल्यावर जाऊन बसतो. त्याच्या गाडीची काच फुटलेली असली म्हणजे झालें! आम्ही वाङ्मय शिकविणारे. तथापि रस्त्यावरची काच त्या गाडीचीच कीं निराळी, हें ओळखावें कसें याचें कुतूहल आम्हांस फार दिवस होतें.

जुनी कसोटी वक्रीभवनाची. परंतु वितळलेल्या कथिलावर तरंगवून काढलेली आजची काच इतकी एकसारखी निघते कीं, ही कसोटी पुष्कळदां निरुत्तर होते. वाळू, सोडा, चुनखडी हा मसाला सर्वत्र सारखाच. फरक राहतो तो वाळूबरोबर नकळत आलेल्या हाफ्नियम, लँथॅनम, स्कँडियम अशा अत्यल्प द्रव्यांत. तीं हुडकण्याची युक्ति हेव्हेशी व हिल्डे लेव्ही यांनीं १९३६ सालीं दाखविली. कणावर न्यूट्रॉनांचा मारा केला कीं त्यांतील मूलद्रव्यें किरणोत्सर्गी होतात, आणि ठराविक ऊर्जेचे गॅमाकिरण सोडून आपापलें नांव सांगतात. कण मात्र शाबूत राहतो. तुर्भे येथें ‘अप्सरा’ ही भारतांतील पहिली अणुभट्टी ४ ऑगस्ट १९५६ रोजीं सुरू झाली. तेथील भाभा अणुसंशोधन केंद्राच्या रसायनज्ञांनीं मोटारींच्या काचाहि अशा रीतीनें तपासल्या आहेत.

यांत आम्हांस मौज वाटली ती सोडियमची. काचेंत तो उदंड. त्याच्या गलबल्यापुढें इतरांचें बोलणें ऐकूंच येत नाहीं. त्याचें अर्धायुष्य सुमारें १५ तासांचें. म्हणून शास्त्रज्ञ कित्येक दिवस नुसता थांबतो. स्कँडियमचें ८४ दिवस, तेव्हां तो मागाहून सावकाश बोलतो. वर्गांतहि आम्हांस हाच अनुभव आहे.

दोन काचा जुळल्या नाहींत, तर त्या काचेपुरता पिकअपवाला सुटला. जुळल्या म्हणजे मात्र “विज्ञानानें सिद्ध केलें” असें सुशिक्षितहि बोलूं लागतात, तें आम्हांस मान्य नाहीं. एका भट्टींतून एका पाळीस निघालेली काच कितीतरी गाड्यांस बसते. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाचें ३९ वें कलमहि तज्ज्ञाचें म्हणणें मत म्हणूनच धरतें. तेव्हां वकिलानें प्रयोगशाळेस विचारावयाचें तें एवढेंच: अशाच काचेच्या आणखी किती गाड्या त्या रात्रीं या रस्त्यावरून जाऊं शकत होत्या?