पांढरी भुकटी

मुंबईच्या चोरबाजारात, मटन स्ट्रीटवरील जुन्या वस्तूंच्या ढिगात तो आमच्या दृष्टीस पडला. करड्या रंगाचा, हातात जड लागणारा गेमबॉय. "चालू होत नाही, साहेब," असे विकणाऱ्याने आपणहून सांगितले आणि म्हणूनच तो आम्हांस परवडला. २०२३ च्या नाताळात आमचा धाकटा कॅनडाहून घरी यायचा होता. त्याच्या हाती तो चालू स्थितीत द्यावा, असे आमच्या मनात होते. या मुलाचे आम्ही एक देणे लागत होतो.

निन्टेन्डो या जपानी कंपनीने हे यंत्र १९८९ साली काढले. ते घडविणाऱ्या पथकाचे प्रमुख गुनपेई योकोई यांचा भर नव्या नवलाईपेक्षा जुन्या, स्वस्त आणि खात्रीच्या तंत्रावर होता. त्यामुळे पडद्याला रंग नाहीत, आतून उजेड नाही. पण चार पेन्सिल सेलांवर खेळ तासन्‌तास चालतो.

आम्ही नवे सेल घातले, वरचे बटण सरकवले. तांबडा दिवा काही लागला नाही. मीटर लावून सेल तपासले तर प्रत्येकी दीड व्होल्ट, म्हणजे दोष आतच होता. मागचे स्क्रू तीन पात्यांचे. घरातला एकही पेचकस त्यांत बसेना. तसा पेचकस लॅमिंग्टन रोडवरून आणण्यात एक दिवस गेला. झाकण निघाले आणि सेलांच्या स्प्रिंगांवर, त्यांच्या मुळाशी, पांढरी भुकटी व हिरवट कीट दिसले. आमचा हात तिथेच थांबला.

ती भुकटी आम्ही पूर्वी पाहिली होती. १९९४ साली शेजारच्या काकांनी मस्कतहून आपल्या मुलासाठी असाच गेमबॉय आणला होता. आमच्या धाकट्याने तो दोन दिवसांसाठी मागून घेतला. परीक्षा जवळ आली म्हणून आम्ही तो हिसकावून कपाटात ठेवला, सेलांसकट, आणि पुढे चार महिने विसरलो. परत करताना सेलांच्या जागी पांढरे काही दिसले, ते आम्ही टाल्कम पावडर समजून फडक्याने पुसले. यंत्र चालेना. "मी पाडला नाही, बाबा," असे मुलगा रडून सांगत होता. आम्ही त्याला काकांच्या ओसरीवर उभे करून माफी मागावयास लावली.

अल्कलाइन सेलात पोटॅशियम हायड्रॉक्साइड असते. सेल यंत्रात तसेच पडून राहिले की ते पाझरते, हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषून पांढरे होते आणि धातू खात जाते. कपाटात नेमके हेच घडले असणार.

सौ.ने विंदालूसाठी आणलेले व्हिनेगर कापसाच्या बोळ्याने लावले. भुकटी फसफसून विरघळली. (हातमोजे घालावेत, हा क्षार कातडीलाही सोडत नाही.) मग स्पिरिटने पुसून सर्व कोरडे केले. आता वीज आतल्या पट्टीपर्यंत पोहोचत होती, तरी दिवा लागेना. शंका बटणावर आली. वर्षानुवर्षे न हललेल्या बटणाच्या आतील धातूवर गंज चढतो. त्यात आयसोप्रोपाइल अल्कोहोलचे दोन थेंब सोडून ते चाळीसएक वेळा मागेपुढे सरकवले. सेल काढूनच, अर्थात. पुन्हा सेल घातले आणि तांबडा दिवा लागला. पडद्यावर कंपनीचे नाव वरून सावकाश उतरले, टिंग झाले. स्वयंपाकघरातून सौ. धावत आली.

धाकटा आला त्या रात्री यंत्र त्याच्या हाती देण्याआधी आम्ही मागचे झाकण काढून त्याला ते स्प्रिंग दाखविले आणि सर्व सांगितले. तो बराच वेळ पाहत राहिला. मग म्हणाला, "काका तर गेले. काकू आहेत ना अजून?"

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही दोघे त्या ओसरीवर गेलो. या खेपेस बोलावयाचे होते ते आम्हांस.