सिदचा शेवटचा मुक्काम

आव्हिन्याँला लोक जातात ते पोपांचा वाडा पाहायला. मी गेलो तो त्या वाड्याचे अंगण पाहायला. चौदाव्या शतकातल्या त्या उंच, रुक्ष भिंतींच्या मधे 1947 साली जाँ व्हिलार या दिग्दर्शकाने उघड्यावर नाटके सुरू केली. वर छप्पर नाही. आणि मिस्त्राल नावाचा इथला वारा असा द्वाड, की नटाच्या तोंडचे वाक्य प्रेक्षकाआधी तोच पळवतो!

1951 च्या जुलैत या अंगणात जेरार फिलिप उभा राहिला. ‘ल दियाब्ल ओ कोर’ या 1947 च्या चित्रपटाने त्याचे नाव घरोघर झाले होते. असा नट व्हिलारच्या मंडळीत येतो, बेताच्या पगारावर काम करतो आणि जाहिरातीत आपले नाव वर्णानुक्रमाने जिथे पडेल तिथे छापू देतो, हे ऐकून कुठल्याही नाटक कंपनीचा मालक हात जोडील.

नाटक होते कॉर्नेयचे ‘ल सिद’. सिद म्हणजे स्वामी; नायक रॉद्रिगला पराक्रमाने मिळालेली पदवी. बापाच्या अपमानाचा सूड घ्यावा तर प्रेयसीच्याच बापावर तलवार धरावी लागते, अशा कात्रीत तो सापडलेला. 1637 सालचे हे पद्यनाटक शाळेत घोकून फ्रेंच मुले कंटाळलेली. फिलिपने तो पुतळा चबुतऱ्यावरून खाली उतरवला आणि त्याला विशीतला पोर करून टाकले.

आव्हिन्याँहून मी समुद्राकडे निघालो. सां-त्रोपेजवळ टेकडीवर रामातुएल नावाचे गाव आहे. खाली किनाऱ्यावर धनिकांच्या नौका, वर अरुंद बोळ आणि शांतता. फिलिप बायकामुलांसह उन्हाळा इथे काढी.

1959 च्या नोव्हेंबरात पॅरिसला त्याच्यावर शस्त्रक्रिया झाली. यकृताचा कर्करोग! डॉक्टरांनी पत्नीला, आनला, खरे सांगितले, त्याला नाही. तो अंथरुणात पडून ग्रीक शोकांतिका वाचीत होता, पुढच्या भूमिकांचे बेत करीत होता. आणि ती उशाशी बसून हसत होती. दोघांत थोर नट कोणता म्हणावा? 1963 साली तिने ते दिवस एका छोट्या पुस्तकात लिहून काढले. 25 नोव्हेंबरला तो गेला. सदतिसावा वाढदिवस नऊ दिवसांवर होता.

रॉद्रिगच्याच पोशाखात त्याला इथे पुरले. मी गावच्या दफनभूमीत दोन फेऱ्या मारल्या, तेव्हा कुठे ती साधी कबर सापडली. 1990 साली आनही इथेच विसावली.