बुधवार आणि शनिवार

घर स्वच्छ ठेवणं हे एक काम नाही. ती पंधरा-वीस कामं आहेत आणि प्रत्येकाची मुदत वेगळी आहे. ओटा दिवसातून दोनदा पुसावा लागतो, केर रोज काढावा लागतो, फरशी एक दिवसाआड पुसली तरी चालते. फ्रिज पंधरवड्यातून एकदा, पंखे महिन्यातून एकदा, माळा वर्षातून एकदा, दिवाळीच्या आधी. मुदत चुकली की काम वाढतं. पण ते नुसतं वाढत नाही, त्याची जात बदलते. ‘जात’ हा शब्द मी इथे विचार करूनच वापरते आहे.

आमचा फ्लॅट पुण्यात, चौथ्या मजल्यावर. साडेसहाशे चौरस फूट, दोन खोल्या, हॉल, स्वयंपाकघर, दोन संडास-बाथरूम. खाली वर्दळीचा रस्ता आणि समोर गेली काही वर्षं सतत कुठलं ना कुठलं बांधकाम. राहणारी माणसं दोन, मी आणि माझे पती, दोघंही निवृत्त. स्वयंपाकघरातल्या कपाटाच्या दाराला आतल्या बाजूने एक कागद चिकटवलेला आहे. त्यावर कामं, त्यांचे वार आणि ते करणाऱ्याच्या नावाचं पहिलं अक्षर. इतकी वर्षं हे वेळापत्रक माझ्या डोक्यात होतं, माझ्या आधी सासूबाईंच्या डोक्यात होतं. डोक्यातल्या वेळापत्रकाची अडचण अशी की ते दुसऱ्याला दिसत नाही. घरातल्या इतरांना वाटतं, घर आपोआपच स्वच्छ राहतं.

कागद पहिल्यांदा लिहिला तो मार्च २०२० मध्ये. टाळेबंदी लागली आणि सोसायटीने फाटक बंद केलं. केर-फरशी आणि भांड्यांना येणाऱ्या मावशी यायच्या थांबल्या. रविवारी संडास-बाथरूम धुवायला येणारा माणूसही थांबला. पगार दोघांचाही चालू ठेवला, पण कामं करायला उरलो आम्ही दोघं. ह्यांची नोकरी बँकेत गेली, त्यामुळे तक्ता आखायचा उत्साह त्यांचा. आडव्या ओळींत कामं, उभ्या ओळींत वार. मी एकेक काम सांगत गेले आणि ते लिहीत गेले. बावीस ओळी झाल्यावर त्यांनी पेन खाली ठेवलं आणि विचारलं, “हे सगळं रोज चालू असतं?”

मग हळूहळू क्रम बसत गेला. आधी वरचं, मग खालचं. आधी कोरडं, मग ओलं. केर काढून झाल्यावर पंखा पुसला तर केर पुन्हा काढावा लागतो, ही साधी गोष्ट त्यांना एका दुपारी आपोआप कळली. पंख्याच्या पात्यावर उशीचा जुना अभ्रा चढवून ओढून घेतला की धूळ आतल्या आत राहते, पलंगावर पडत नाही. सरकत्या खिडक्यांच्या खाचांत आधी सुक्या ब्रशने माती मोकळी करायची. पाणी आधी घातलं तर तिचा चिखल होतो. फरशीचं पाणी दोन खोल्यांमागे बदलायचं, नाहीतर हॉलमधली धूळ आपण स्वयंपाकघरात नेऊन पसरवतो. श्रावणात कपाटांच्या मागच्या भिंतीला बुरशी धरते, म्हणून पावसाळ्यात कपाटं भिंतीपासून चार बोटं पुढे ओढून ठेवायची. काही गोष्टी आईकडून आलेल्या, काही सासूबाईंकडून, काही त्या वर्षी नव्याने सुचलेल्या.

प्रश्न आला तो कागदाच्या शेवटच्या ओळीशी. संडास. तिथे वारही नव्हता आणि अक्षरही नव्हतं. हे काम आमच्या इमारतीत बहुतेक घरांत रविवारचं आणि बाहेरच्या माणसाचं होतं. आठवड्यातून एकदाच होत असल्यामुळे त्याला अ‍ॅसिड लागे. पुण्यात आमच्या भागात उन्हाळ्यात टँकरचं पाणी येतं. ते जड असतं, सुकलं की त्यातले क्षार भांड्यावर पांढरे-पिवळे थर धरतात. आठ दिवसांचा थर नुसत्या ब्रशने निघत नाही. त्यावर बाटलीतलं अ‍ॅसिड ओतायचं, धूर निघतो, डोळ्यांना पाणी येतं, आणि हाताला मोजे नसतात. त्या माणसाच्या बोटांची सालं निघालेली असत. अ‍ॅसिडनं टाइल्सच्या सांध्यातलं सिमेंटही खाल्लं जातं. सांधे खडबडीत झाले की मळ आणखी धरतो, आणि पुढच्या आठवड्यात अ‍ॅसिड आणखी लागतं.

त्या दिवसांत दुकानात अ‍ॅसिड मिळेना. घरात ढोकळ्यासाठी आणलेलं लिंबूसत्त्व होतं. दोन चमचे गरम पाण्यात विरघळवून थरावर ओतलं, वीस मिनिटं थांबलो, घासलं. पहिल्या वेळी निम्मं निघालं. तीन दिवसांनी पुन्हा केलं, आणखी निघालं. दोन आठवड्यांनंतर थर राहिलाच नाही. तेव्हा ह्यांनी शेवटच्या ओळीत लिहिलं : बुधवार आणि शनिवार. एका वारी माझं अक्षर, एका वारी त्यांचं. तीन-चार दिवसांत बसलेलं काही असतं का, तर नसतंच. साबणाचं पाणी आणि ब्रश, दहा मिनिटं. दहा मिनिटांचं काम कुणीही करतं. आठ दिवस साचवलेलं, अ‍ॅसिडनं जाळावं लागणारं काम कुणीही करत नाही. त्यासाठी ‘कुणीतरी’ लागतो. आणि आपल्याकडे तो कुणीतरी कोण, हे फार पूर्वीच ठरवून ठेवलेलं आहे.

मी सातारा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी वाढले. आमच्या वाड्यामागे एक बोळ होता. मुलांनी तिथे जायचं नाही, असा दंडक होता. वाड्याचे टोपलीचे संडास त्या बोळात उघडत. भिंतीला खाली एक झडप, तिच्यामागे टोपली. सकाळी एक बाई येई, झडप उघडून टोपली रिकामी करी आणि जाई. वाड्यात पुढच्या दाराने ती कधी आली नाही. दिवाळीत लक्ष्मीपूजनाला आई नवी केरसुणी आणून तिला हळदीकुंकू वाही. केरसुणीला पाय लागला तर आम्ही नमस्कार करायचा. दिवेलागणीनंतर केर काढायचा नाही, कारण अंधारात केराबरोबर एखादा सोन्याचा मणी जाईल. केराला आणि केरसुणीला इतकं जपणाऱ्या त्या घरात बोळातल्या बाईचं नाव कुणाला माहीत नव्हतं. डोक्यावरून मैला वाहून नेण्यावर बंदी घालणारा कायदा १९९३ मध्ये आला, त्याहून व्यापक २०१३ मध्ये. तोवर आमच्या वाड्याच्या जागी इमारत उभी राहिली होती आणि बोळ बुजला होता.

आप्पासाहेब पटवर्धनांबद्दल मी पुढे वाचलं. लोक त्यांना कोकणचे गांधी म्हणत. १९३२ साली रत्नागिरीच्या तुरुंगात त्यांनी सफाईचं काम आपल्याला करू द्यावं असा आग्रह धरला. परवानगी मिळेना, म्हणून त्यांनी अन्नाचा प्रश्न केला, आणि येरवड्यात असलेल्या गांधीजींनी त्यांच्या पाठिंब्यासाठी उपवास सुरू केला. पण मला त्यांचं पुढचं काम अधिक महत्त्वाचं वाटतं. कणकवलीजवळ गोपुरीत त्यांनी मैल्याचं खत होईल आणि तो कुणाला वाहून न्यावा लागणार नाही, अशा साध्या संडासांचा पाठपुरावा केला. माणसांची मनं बदलण्याची वाट पाहत न बसता त्यांनी कामाचं रूपच बदलायला घेतलं. लिंबूसत्त्वाचे दोन चमचे हा त्याच गोष्टीचा फार लहान, घरगुती अवतार आहे, असं मला वाटतं.

काम स्वतः करायला लागल्यावर वापरही बदलतो. जो घासतो तो सांडत नाही. चहाचा चोथा बेसिनमध्ये जायचा थांबला. फुटलेली काच वर्तमानपत्रात गुंडाळून त्यावर ‘काच’ असं लिहून ठेवायची सवय लागली. पुण्यात पुष्कळ घरांचा कचरा ‘स्वच्छ’ या कचरावेचकांच्या सहकारी संस्थेच्या बायका दारावरून नेतात आणि पुढे हातांनी निवडतात. ओला, सुका आणि घरातला आरोग्याला धोका असलेला कचरा वेगळा द्यावा, असं २०१६ चे नियम सांगत होते. नियम आम्हाला आधीही माहीत होते. पण पिशवी उघडणाऱ्या हाताचा विचार मनात आला तो आपले हात ब्रशला लागल्यावर.

त्या वर्षी पावसाळा संपताना फाटक उघडलं. मावशी आल्या. त्यांनी कागद वाचला, त्या सातवीपर्यंत शिकलेल्या आहेत. “संडास साहेब घासतात?” असं विचारून त्या पदर तोंडाला लावून हसल्या. त्या स्वतः हे काम कुठेच करत नाहीत आणि त्याचं कारण त्यांनी मला स्वच्छ सांगितलं आहे. दोन घरी त्या पोळ्या करतात. एका घरी संडास धुतला असं कळलं तर ती दोन्ही घरं जातील. पोळ्यांचे पैसे केर-फरशीच्या दुपटीहून जास्त आहेत. महाराष्ट्रात घरकामगारांच्या कल्याण मंडळाचा कायदा २००८ चा आहे, पण कुठल्या कामामुळे कुठलं काम सुटेल, हा हिशेब त्यात कसा मावणार?

आणि मग रविवारचा माणूस आला. संडास आता आम्हीच धुतो, हे त्याला सांगितलं. त्याने ऐकून घेतलं आणि विचारलं, “मग माझे चारशे?”

प्रश्न बरोबर होता. आमच्या घराला लागलेली शिस्त त्याच्या खिशातून जाणार होती. इमारतीतल्या आणखी चार घरांनी तेच केलं असतं तर त्याला दोन हजारांची खोट बसली असती, आणि आपल्या हातांनी काम केल्याचं समाधान मात्र आम्ही घेतलं असतं. आम्ही कागद पुन्हा काढला. पंखे, खिडक्यांच्या जाळ्या, ग्रिल, जळमटं आणि माळा या ओळी आमच्या गुडघ्यांना आता जड जातात. त्या त्याला दिल्या, महिन्यातले दोन रविवार, सहाशे रुपये. त्याच्या नावाचं पहिलं अक्षर त्या ओळींत आलं. इतकी वर्षं तो दारातून थेट बाथरूमकडे जाई. पहिल्या रविवारी हॉलमध्ये स्टुलावर चढताना त्याने खाली वाकून विचारलं, “कापड कुठलं घेऊ?” त्याचं कापड आजवर वेगळं असे. मी पंख्याचा अभ्रा दिला. शेजारच्या दारातून प्रश्न आला, “त्याला आत घेता?” मी म्हटलं, “पंखा आतच आहे.”

मावशींची हरकत वेगळी निघाली. त्यांना त्याची बादली नको. संडास घासलेल्या माझ्या हातचा चहा त्या रोज घेतात. आमच्याकडे आता जो संडास घासत नाही, त्याने हात घातलेली बादली मात्र त्यांना चालत नाही. मी एकदा हे असंच बोलून दाखवलं. त्या म्हणाल्या, “तुमचं निराळं आहे.” मग थोड्या वेळाने, भांडी विसळता विसळता म्हणाल्या, “खालच्या मजल्यावरच्या बाईंनी बघितलं तर त्या मला पोळ्या करू देतील का, तेवढं सांगा.” मला त्यावर देण्यासारखं उत्तर नव्हतं. पोळ्यांचे पैसे मी भरून देऊ शकत नाही, आणि खालच्या मजल्यावरचं स्वयंपाकघर माझ्या कागदावर येत नाही.

बावीस ओळींपैकी एकवीस आता सुरळीत चालतात. बाराही महिने घर बऱ्यापैकी स्वच्छ असतं, दिवाळीआधी कंबर मोडत नाही, अ‍ॅसिडची बाटली घरात येत नाही. बाल्कनीत मात्र अजून दोन बादल्या आहेत, एक लाल आणि एक निळी. दर शनिवारी मी दोन्ही एकाच साबणाने धुते आणि शेजारी शेजारी पालथ्या घालते.