ओके आणि ओक्के

"तूच म्हणालास की ओके."

अण्णांनी एवढंच म्हटलं आणि मोबाइल माझ्यासमोर धरला. आम्ही विहिरीवरच्या रानाच्या बांधावर उभे होतो. गौरी-गणपतीसाठी मी पुण्याहून कोरेगावला आलो होतो. (ऑफिसात 'कोरेगाव' म्हटलं की लोक कोरेगाव पार्क समजतात. मग 'साताऱ्याजवळचं' असं जोडावं लागतं.) रानात वाघ्या घेवडा उभा होता. दाण्यावर वाघासारखे पट्टे असतात म्हणून वाघ्या. आमच्या तालुक्याची ही ओळख, 2016 साली त्याला भौगोलिक मानांकनही मिळालं. पण त्या दिवशी शेंगा तोडत होती ती माणसं आमच्या घरची नव्हती. रान वाट्याने दिलंय हे मला तिथे उभं राहून कळलं. "मला विचारायचं तरी," असं मी म्हणालो. त्यावर अण्णांचं हे उत्तर.

स्क्रीनवर मार्चमधला मेसेज होता. 'गुडघा साथ देत नाही. कामाला माणसं मिळत नाहीत. पाडव्यापासून विहिरीवरचं रान वाट्याने द्यावं म्हणतो. तुझ्या आईचं मन नाही. तुझं काय मत ते कळव.' एवढं टाइप करायला अण्णांना अर्धा तास तरी लागला असणार. खाली माझं उत्तर, तीन मिनिटांत गेलेलं: 'ओके'. सकाळची मीटिंग सुरू होती. मला म्हणायचं होतं, 'मेसेज मिळाला, नंतर बोलू.' तो 'नंतर' आलाच नाही. आईला आठवड्यातून दोनदा फोन व्हायचा, पण मला सगळं माहीत आहे असं समजून तिनेही विषय काढला नाही.

त्या रात्री झोप लागली नाही. मग मी आमच्या धंद्यातले लोक करतात तेच केलं. बग कुठे आहे ते शोधायला बसलो.

हा शब्द जन्मला तोच थट्टेतून. 1839 साली अमेरिकेतल्या बॉस्टनमध्ये मुद्दाम चुकीचं स्पेलिंग करून त्याची आद्याक्षरं वापरायची टूम निघाली होती. 23 मार्चच्या 'बॉस्टन मॉर्निंग पोस्ट'मध्ये 'ऑल करेक्ट'चं असंच वाकडं रूप छापून आलं, ओ आणि के. म्हणजे 'सगळं बरोबर' हेच चुकीचं लिहिलेलं. टूम विरली, पण पुढच्याच वर्षी अध्यक्षपदाच्या निवडणुकीत व्हॅन ब्यूरन यांच्या 'ओल्ड किंडरहूक' या टोपणनावाची आद्याक्षरंही तीच निघाली, आणि शब्द तगला.

कॉम्प्युटरवरच्या 'ओके' बटणाची गोष्ट त्याहून मजेशीर. अ‍ॅपलच्या लिसा या कॉम्प्युटरवर आधी 'डू इट' असं बटण होतं. चाचणीत एक जण ते दाबेचना. त्याने ते 'डोल्ट' असं वाचलं होतं. डोल्ट म्हणजे मठ्ठ. आपल्याला मशीन मठ्ठ का म्हणतंय, हे त्याला कळेना. म्हणून बटणावर 'ओके' आलं. तेव्हापासून आपण न वाचता ओके दाबतोय.

मी रोज ज्या सर्व्हरांशी झगडतो, त्यांना मात्र हा फरक कळतो. सर्व्हरने 200 हा कोड पाठवला तर त्याचा अर्थ 'ओके', म्हणजे मागितलेलं काम झालं. 202 पाठवला तर 'अ‍ॅक्सेप्टेड', म्हणजे तुमची मागणी घेतली आहे, काम अजून झालेलं नाही, होईलच असंही नाही. मी पाठवला होता 202. अण्णांना पोचला 200.

आणि यात चूक अण्णांची नाही, कारण त्यांचा शब्दच वेगळा आहे. ऑफिसात कुणी 'डिझाइन ओके आहे' म्हटलं की आम्ही ओळखतो, त्याला ते फारसं आवडलेलं नाही. तिथला ओके म्हणजे काठावर पास. आमच्याकडे 'जेवण एकदम ओक्के' म्हणजे शंभरपैकी शंभर. 2022 च्या जूनमध्ये सांगोल्याचे आमदार शहाजीबापू पाटील गुवाहाटीहून फोनवर झाडी, डोंगर आणि हॉटेलचं कौतुक करून सगळं 'ओक्के' असल्याचं सांगत होते, तेव्हा महाराष्ट्रात कुणालाच ते काठावर पास वाटलं नाही. क चं द्वित्त झालं आणि शब्दाची किंमत वाढली. मी इंग्रजीतला ओके पाठवला, अण्णांनी मराठीतला ओक्के वाचला.

शाळेतला एक मित्र साताऱ्यात वकिली करतो. त्याला हे सांगितलं तर हसला. म्हणाला, 1872 च्या करार कायद्याचं तेरावं कलम वाच. दोघांनी एकच गोष्ट एकाच अर्थाने मान्य केली, तर ती संमती. "तुमची संमती झालीच नाही," तो म्हणाला. मला क्षणभर बरं वाटलं.

पण गौरी विसर्जनाच्या दिवशी भांडी पुसताना आई म्हणाली, "तुझं उत्तर आल्यावर दोन दिवस थांबले होते ते. तू फोन करून भांडशील असं वाटलेलं त्यांना."

म्हणजे अण्णांना दोन्ही अर्थ कळत होते. त्यांनी परवानगी मागितलीच नव्हती. कुणीतरी 'नको' म्हणावं, निदान 'का?' विचारावं, एवढीच अपेक्षा होती. आणि खरं सांगायचं तर मेसेज नीट वाचला असता, तरी शेवटी मी हेच म्हणालो असतो. मी रान कसायला परत येणार नाही, हे आम्हा दोघांनाही ठाऊक आहे. तेच दोन अक्षरांत उरकायला नको होतं.

आता पाडवा पुन्हा महिन्यावर आलाय. परवा अण्णांचा मेसेज आला, 'औंदा पण त्यालाच देऊ का?' मी मीटिंगमध्येच होतो. अंगठा सवयीने ओ वर गेला. मग मीटिंगमधून उठलो, जिन्यात जाऊन फोन लावला.

"अण्णा, तुम्हाला काय वाटतं?"

बराच वेळ पलीकडे काहीच नाही. मग ते बोलायला लागले. विहिरीचं पाणी, गुडघा, घेवड्याचा दर, त्या माणसाने बांध कसा कोरलाय, आईचं अजून रोज संध्याकाळी तिकडे जाऊन बसणं. वीस-बावीस मिनिटं. मी मध्ये मध्ये 'हं' म्हणत होतो. निर्णय काही झाला नाही.

"शनिवारी सकाळच्या गाडीने येतो," मी म्हणालो.

"ये," अण्णा म्हणाले. "रानात जाऊन बोलू."